लंगोटाखालचा डाग

प्रिय दादा,

तू जाऊन तीन वर्षं झाली आणि आज तुझी शपथ मोडायची म्हणून लिहितोय. शिव्या घालणार असलास तर आधीच घाल!

सकाळी तालमीत संभानं, तुझ्याच हाताखाली तयार झालेल्या पोरानं, मला खांबाआड नेलं. "बाळूअण्णा, दादांच्या खाजेवर कुठलं मलम हुतं वो? मलाबी तिथंच पांढरा डाग पडलाय." त्याचं लगीन होऊन वर्ष न्हाई झालं, दादा.

ते मलम मीच आणत होतो की! दुकानात जाऊन "गजकर्णाचं द्या" म्हणायचं, दुसरं काय कळत होतं? वस्ताद म्हणायचे, "लंगोटाची खाज हाय, आखाड्याच्या हौद्यातली माती चोळ." तू चोळत राहिलास. खाज सगळ्यांनाच असते रे, पण तुझा डाग पांढरा, टणक झालेला, कातडी मागं सरेना झालती. सहा वर्षं! एवढा हत्तीसारखा गडी, आणि डॉक्टरसमोर लंगोट सोडायला लाजलास?

शेवटी वहिनींनी कागलच्या एसटीडी बूथवरनं फोन केला, "भावजी, ह्यांची जखम चिघळलीया, लघवीबी हुईना." तवा कुठं आपण दवाखाना गाठला.

डॉक्टरांनी सरळ सांगितलं. "लिंगाचा कॅन्सर झालाय. मूळ हा कातडीचा जुना आजार. वर्षानुवर्षं अंगावर काढला तर कधीकधी त्यातून कॅन्सर होतो. दुसरं कारण एक विषाणू. तो संबंधातून येतो, कित्येकांच्या अंगात असतो आणि त्यांना पत्ताही नसतो. तुमच्यात मात्र डागच कारण दिसतोय."

तू त्यातला एकच शब्द धरलास. संबंध! सगळं गाव ज्याला लंगोटाचा पक्का म्हणायचं, तो मान खाली घालून बसला. बाहेर आल्यावर माझा हात स्वतःच्या डोक्यावर ठेवलास. "पोटाचा कॅन्सर म्हणून सांग. मी मेलो तरी."

सांगितलं. मयताला आलेल्या प्रत्येकाला सांगितलं. वहिनींनी सुद्धा तेच सांगितलं. लाज राखली आपण तुझी. पण खरं बोललो असतो तर संभा आज मलम मागत आला असता का?

उद्या त्याला गाडीवर घालून त्याच डॉक्टरांकडं नेतो. आणि संध्याकाळी पोरं हौद्यात उतरायच्या आधी, तुझ्या फोटोखाली उभा राहून रोग कुठं झालता ते सांगतो. कोण हसलं तर त्याची कुस्ती माझ्याशी!

तुझ्या डोक्यावरचा तो हात आता उचलतोय, दादा. रागावू नकोस.

तुझा,
बाळू