शनिवारी दुखणारं पोट

प्रिय छबे,

पत्राची सुरुवात ‘तू मजेत असशील अशी आशा आहे’ या वाक्याने करावी, असं कॉन्व्हेंट शाळेत सिस्टरनी मला हातावर पट्टी मारून शिकवलं होतं. आज ते वाक्य वगळते. तू मजेत नाहीस हे मला दिसलंच आहे. तीन आठवड्यांपूर्वी सुट्टीसाठी भिंगरीला माझ्याकडे सोडायला आलीस, तेव्हा तुझ्या हातात हिरव्या रसाची बाटली होती आणि चेहराही साधारण त्याच रंगाचा होता. मी जेवण मांडलं होतं. तू म्हणालीस, आई, माझे अजून नऊ दिवस राहिलेत. तुरुंगातला माणूससुद्धा सुटकेचे दिवस इतक्या आशेने मोजत नसेल.

तुझे सगळे पराक्रम मला पाठ आहेत. कोबीच्या सूपचा पंधरवडा, नुसत्या अंड्यांचा आठवडा, संध्याकाळी सहानंतर तोंड न उघडण्याचा महिना, जो जावईबापूंना सगळ्यांत जास्त आवडला. दर वेळी पाच किलो उतरवलेस आणि सहा चढवलेस. तुझ्या कपाटात तीन वेगवेगळ्या बायकांचे कपडे आहेत आणि त्यातल्या दोघींना तू आता ओळखही दाखवत नाहीस.

एकतीस वर्षं मी इस्पितळाचं स्वयंपाकघर चालवलं, त्यामुळे असली माणसं मी पलंगाच्या नंबरासकट ओळखते. बारा नंबरवर एक शिंपी यायचा, साखरेचा आजार होता त्याला. तिथे असेपर्यंत समोर येईल ते निमूट खायचा आणि घरी निघताना विचारायचा, बाई, सुटलो ना आता? मी सांगायचे, औषधाचा कोर्स संपतो, जेवणाचा संपत नाही. भात जरा कमी, भाजी जरा जास्त, भूक असेल तेवढं, पण रोज. इथे आहात तोवर नव्हे, आहात तोवर. तो मान डोलवायचा आणि तीन महिन्यांत पुन्हा हजर. चौथ्यांदा घरी गेला तेव्हा एक पाय इस्पितळातच ठेवून गेला. त्याचं शिवणयंत्र पायाने चालायचं. ही गोष्ट मी तुला दहा वेळा सांगितली असेल. दर वेळी तू म्हणालीस, आई, जेवताना असलं बोलू नकोस. पण तू जेवत कधी होतीस?

तुझ्या लेकीची हकिगत सांगते. पहिल्या शनिवारी तिचं पोट दुखत होतं. मी गरम पाण्याची पिशवी दिली आणि उपाशी झोपू दिलं. रविवारी ठणठणीत. दुसऱ्या शनिवारी पुन्हा दुखलं. या पोटाला वार कळतो, असं मी म्हटलं, ती हसली आणि मीही हसले. अक्कल नावाची गोष्ट निवृत्तीच्या दिवशी इस्पितळातच जमा करून आले बहुतेक. काल तिसरा शनिवार. दुपारी गॅलरीत गेले तर कुंड्या जमिनीवर उतरवलेल्या. त्या ज्यावर असतात, तो इस्पितळाच्या मंडळींनी मला भेट दिलेला जुना काटा आठवतो ना? त्यावर ही उभी. चपला, रिबीन, हातातलं घड्याळ, केसांतल्या पिनासुद्धा काढून एका ओळीत मांडलेल्या. मला बघून खाली उतरली आणि भिंत धरून बसली. दिवसभर गरगरणारी पोर, म्हणून तर भिंगरी म्हणतो आपण तिला. तिला उठता येईना.

साखरपाणी पाजल्यावर बोलली. म्हणाली, आजी, आई रविवारी माझं वजन करते. उतरलं की फ्रिजवर तारा चिकटवते. शनिवारी नाही जेवलं ना, की तारा नक्की मिळतो. म्हणून सुट्टीतही सवय मोडली नाही. मग सोमवारी काहीही खायचं. मी विचारलं, ही हुशारी कोणी शिकवली? कोणीच नाही, म्हणे, आईपण तसंच करते. दहा वर्षांची आहे ती, छबे.

मी उठून फोन उचलला. तुला उभी सोलून काढायची, एवढंच डोक्यात होतं. नंबर फिरवत होते तेवढ्यात ती मागून म्हणाली, आजी, तू याच काट्यावर आईचं वजन करायचीस ना? फळ्यावर लिहायचीस ना? आईने मला सांगितलंय. खूप मजा यायची म्हणे.

फोन मी खाली ठेवला.

तू तिला ते गंमत म्हणून सांगितलंस. गंमत नव्हती. शुक्रवारी माल यायचा, तू शाळेतून थेट माझ्याकडे यायचीस. बटाटे चाळीस, कांदे पंचवीस, छबी सत्तेचाळीस. माझंच अक्षर, सिस्टरनी घोटून घेतलेलं, लांबूनही वाचता येईल असं. सगळे आचारी हसायचे, आणि पहिली मी हसायचे. मोठा आचारी एकदा म्हणाला, बाई, पोरीला पोटभर जेवू द्या, ती काय माल आहे? आठ दिवस मी त्याच्याशी बोलले नाही. शाळेच्या कार्यक्रमाचा पांढरा फ्रॉक अंगात जावा म्हणून तुला पंधरा दिवस उकडलेल्या कोबीवर ठेवलं. त्याच पंधरा दिवसांत त्या शिंप्याला रोजच्या जेवणाचं ज्ञान पाजत होते. परक्या माणसाला जन्मभराचं जेवण आणि पोटच्या पोरीला पंधरा दिवसांची उपासमार. फ्रॉक अंगात गेला. तू स्टेजवर दुसऱ्या कडव्याला कोसळलीस. मी सगळ्यांना सांगितलं, उकाडा किती आहे.

माफी मागत नाही. मागितली तर तू रडशील, मग मला तुझे डोळे पुसत बसावं लागेल आणि मुद्दा राहून जाईल. काल संध्याकाळी भंगारवाल्याला बोलावलं. भिंगरीने आणि मी मिळून तो काटा जिन्यावरून खाली नेला. त्या गृहस्थाने तो आपल्या काट्यावर चढवून तोलला. ही वाकून आकडा बघायला गेली, मी तिला मागे ओढलं. वर येऊन ती भात, डाळ आणि भोपळ्याची भाजी जेवली, आणि दही मागून घेतलं. पुढच्या रविवारी तू तिला न्यायला येणार आहेस. बाथरूममधला तुझा काटा काढलास तर ती घरी येईल. नाहीतर इथे शाळा आहेत आणि मला वेळ भरपूर आहे. दुपारी बाराला ये. पाहुण्यांचा स्वयंपाक करणार नाही, रोजचंच असेल. तू कशी जेवतेस ते ती बघत बसेल, तेव्हा नीट जेव. आणि शनिवारीही जेव.

तुझीच,
फळ्यावर लिहिणारी आई