पुढची खोली आणि टकळीचा प्रवेश

मी, खाली सही करणारी, जन्मभर शिवणयंत्र चालवून जगलेली विधवा, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत लिहीत आहे. डॉक्टरांचा दाखला जोडला आहे. तरीही कुणाला शंका असेल तर त्याने लग्नातल्या आपल्या कमरेचे माप मला विचारून पाहावे. माझ्यावर कुणाचेही दडपण नाही. दडपण मी आणत आहे, ते कलम तीनमध्ये आहे.

१. मागची खोली व बँकेतली शिल्लक माझ्या एकुलत्या एक लेकीला. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेली ती पहिली. कॉलेजलाही गणवेश असणारच, अशी आम्हा सगळ्यांची खात्री होती. म्हणून मी उत्तम करड्या कापडाचा गणवेश शिवला. पहिल्या दिवशी मुलांनी तिला कचेरीतली बाई समजून तिच्यापुढे रांग लावली. घरी येऊन ती एवढेच म्हणाली, "आई, असा ड्रेस कुणाचाच नव्हता." मी विचारले, "मग शिलाई विचारली का कुणी?"

आज ती वकील आहे. घरमालक आम्हाला बाहेर काढायला निघाला तेव्हा तिनेच त्याला गप्प केले, आणि पुढे तिच्याच कमाईतून हे घर माझ्या नावावर झाले. मला तिचा फार अभिमान आहे. तोंडावर कधी बोलले नाही, म्हणून इथे लिहिते.

२. मोठी कात्री कुणालाही द्यावी, फक्त माझ्या दिरांना देऊ नये. भाऊजींनी त्या कात्रीने पुठ्ठा कापला होता.

३. रस्त्याकडच्या पुढच्या खोलीवर भाऊजींचा कधीचा डोळा आहे. ती त्यांना मिळेल, पण एका अटीवर. त्यांच्या नातीने, जिला बडबडीमुळे सगळे टकळी म्हणतात, शाळा उत्तम मार्कांनी संपवली आहे, आणि भाऊजी तिला दुकानात गल्ल्यावर बसवायला निघाले आहेत. म्हणतात, "शिकलेल्या पोरी उलट बोलतात." ही आधीपासूनच बोलते, तेव्हा तिथे गमावण्यासारखे काही उरलेले नाही. आणि साधी नोटीस आली तरी हेच भाऊजी चष्म्याऐवजी माझ्या लेकीला शोधतात.

टकळीने पदवी घ्यावी. तोवर ती खोली तिच्या अभ्यासाची, भाऊजींचा रेडिओ बाहेर. प्रवेशाची मुदत उद्या संपते, तेव्हा माझ्या मरणाची वाट पाहत बसू नये, मला घाई नाही. उद्या प्रवेश झाला नाही तर परवा हा कागद फाडीन आणि खोली शेजारच्या बँडवाल्याच्या नावे करीन. त्याला सरावाला जागा हवीच आहे, आणि भाऊजींचा पलंग त्या खोलीच्याच भिंतीला लागून आहे.

४. टकळीच्या नावे मुद्दाम काही ठेवलेले नाही. ज्याला मिळते त्याने साक्षीदार होऊ नये, असे लेक सांगते. आणि मला टकळीची सही हवी होती. गेल्या महिन्यात ती सज्ञान झाली.

हा मजकूर भाऊजींना वाचून दाखवला. ते म्हणाले, "वहिनी, ही जबरदस्ती आहे." मी म्हटले, "आहेच."

ठिकाण: मागची खोली
दिनांक: मुदतीचा आदला दिवस
सही: शिवणवाली

साक्षीदार १: समोरचा छापखानेवाला

साक्षीदार २: टकळी. व्यवसायापुढे तिने 'दुकानात' असे लिहिले होते. भाऊजींनी वाकून पाहिले, पेन मागून घेतले, तो शब्द खोडला आणि 'विद्यार्थिनी' लिहिले. खाडाखोडीवर त्यांची सही आहे.