खुंटीवरचं हेल्मेट

रविवार, १२ नोव्हेंबर २००६. दौंड.

विलासवर ओरडून ओरडून घसा बसलाय. शेतावर येणाऱ्या पुण्याच्या पाहुण्यांना फिरवायला माझ्या या धाकट्या भावानं जाड चाकांची, मोटरसायकलसारख्या हँडलची ती उघडी चारचाकी गाडी आणली. एका माणसाची गाडी. तरी आज मागं आमच्या वडिलांना, आबांना बसवलं आणि बांधावर घातली. वळताना उलटली. आबांच्या खांद्याचं हाड मोडलं. डोकं दगडापासून वीतभर लांब पडलं, आणि हेल्मेट घरात.

दवाखान्यातून आल्यावर विलास म्हणतो, "चार चाकं हायती दादा, पडंल असं वाटलंच न्हाई."

आबा खाटेवरून मलाच दटावतात. "त्याला बोलू नगंस. मीच म्हणलं, विहिरीपत्तर ने."

तरी मी थांबलो नाही. हेल्मेट का नाही घातलं, हे चौथ्यांदा विचारलं. तेव्हा तो खाली मान घालून म्हणाला, "तूच नको म्हणला व्हतास."

आत्ता जाऊन बघितलं. खुंटीवरच आहे. दसऱ्याला गाडीबरोबर त्याचीही पूजा केली होती. हार वाळलाय, कुंकू तसंच आहे. पूजेचं आहे, कुणी डोक्यात घालायचं नाही, असं मीच सगळ्यांना बजावलं होतं.