बरणीतलं निळं पाखरू

समडोळी (सांगली), ३० जुलै १९४६

ती. आक्काताईस, धाकट्या त्रिशलाचा सा. न. वि. वि.

परवा चतुर्दशीचा उपास सोडताना मामंजींनी डाळिंब फोडलं, तर आत अळी. ते तसेच उठले. जीव मारून खायचं फळ दारात नको, दिवाळी झाली की सगळी झाडं काढायची, म्हणतात. झाडं यांनी लावलेली. हे गेल्याला चार वर्षं झाली. त्यांच्या हातचं एवढंच उरलं आहे, पण मामंजींना ते सांगवत नाही. किडकं फळ आम्ही फेकत नाही. आतल्या जिवाला इजा नको म्हणून झाडाखालीच सावलीत ठेवतो. तरी कीड वाढतेच. काय करू?

माया आहेच, ती आटू देऊ नकोस.

सातारा, ५ ऑगस्ट १९४६

चि. त्रिशला हीस अ. उ. आ.

कॉलेज सुटून तीस वर्षं झाली, तरी एवढं आठवतं. ती अळी फुलपाखराची. मादी फुलावर किंवा कोवळ्या फळावर अंडं घालते. अळी आत शिरून दाणे खाते, फळ गळू नये म्हणून देठ स्वतःच्या धाग्यानं फांदीला बांधते आणि बहुधा आतच कोष करते. ते फळ तुम्ही सावलीत जपता; पाखरू निघून वरच्याच फुलावर बसतं. कीड तुम्हीच पोसता आहात. किडकी फळं जाळा. मामंजी ऐकणार नाहीत, ठाऊक आहे. मग पुढच्या बहराला फळ धरताच पातळ कापडाची पिशवी बांध. अंडं घालायला जागा नाही, आणि मरतही कुणी नाही. तोवर एक किडकं फळ बरणीत ठेवून मामंजींना दाखव. रडत बसू नकोस.

लोभ ठेव, आणि जेवत जा.

समडोळी, १ सप्टेंबर १९४६

ती. आक्काताईस सा. न. वि. वि.

आज पाखरू निघालं. पंख आधी चुरगळलेले होते. वाळले तसे जांभळट निळे चमकू लागले. मामंजी चष्मा लावून बघत बसले. एवढं देखणं हाय व्हय ते, म्हणाले, आणि बरणीचं फडकं स्वतः सोडलं. मग मी पिशव्यांचं बोलले. पण कापड रेशनवर, आणायचं कुठून? ते आत गेले आणि पेटीतली यांची धोतरं आणून माझ्यापुढं ठेवली. म्हणाले, "फाड. झाडं त्याचीच हाईत." आम्ही दोघं कितीतरी वेळ कात्री शोधत होतो. ती समोरच होती.

तुझी माया अशीच पाठीशी असू दे.

सातारा, २० जुलै १९४७

चि. त्रिशला हीस अ. उ. आ.

टोपली पोचली. डाळिंबं उत्तम, एकही किडकं नाही. तळाशी मुद्दाम घातलेलं भोकाचं सोडून. मामंजींनी एक झाड पाखरांसाठी उघडं ठेवायला लावलं, आणि जाळा म्हणणाऱ्या बाईंनी आता हे सांभाळावं असा निरोप धाडला. त्यांना म्हणावं, थट्टा करायचं वय राहिलं नाही तुमचं.

लोभ आहे, तो दोघांवरही आहे.

ता. क. फळ बरणीत ठेवलं होतं. काल मादी निघाली. फडकं सोडलं, तर सरळ माझ्या परसातल्या पेरूवर जाऊन बसली. मामंजींचं एखादं जुनं धोतर असेल तर पाठव.