'झालं' म्हणेपर्यंत

रविवार, २ नोव्हेंबर

घर मिळालं, नोकरी उद्यापासून सुरू, आणि आज दुपारी चार वाजून दहा मिनिटांनी कुत्र्याचं पिल्लूही आलं. एका आठवड्यात तीन नव्या गोष्टी. वहिनीच्या मते हा माझा पुढच्या दहा वर्षांचा वाटा एकदम संपला.

पिल्लू दादा आणि वहिनीनेच गाडीतून आणलं. वहिनीच्या मांडीवर त्याने दोनदा कार्यक्रम उरकला, त्यामुळे ती उतरली तीच बोलत: स्वतःपुरता चहा करायचा हिला कंटाळा, आणि ही म्हणे कुत्रं वाढवणार. दादा म्हणाला, एकटी राहणार आहेस, बोलायला कोणीतरी हवं. मी म्हटलं, कुत्री बोलत नाहीत म्हणून तर घेतेय.

नर, वय नऊ आठवडे, वजन ३.४२ किलो. काटा माझा स्वतःचा आहे आणि बिनचूक आहे. कारखान्यातले वजनकाटे तपासणं हेच माझं काम. अंग पांढरं, डाव्या डोळ्याच्या वर एक काळा ठिपका. नाव टिंब्या.

घर तळमजल्यावर आहे, तीन खोल्या एकामागे एक. पुढे बाहेरची खोली, मधे स्वयंपाकघर, मागे एक रिकामी खोली. पुढच्या दोन खोल्यांत फरशी, मागच्या खोलीत लाकडी पाट्या. ती खोली टिंब्याची. वरच्या मजल्यावर घरमालकीण काकू राहतात. किल्ली देताना म्हणाल्या, तीन वर्षं बंद होतं गं, घरालाही सोबत लागते. एवढ्यात टिंब्याने त्यांची एक चप्पल पळवली होती.

रोज नोंद ठेवायची असं ठरवलं आहे. पहिल्यांदाच कुत्रं पाळतेय. चूक झालीच तर कुठे झाली ते नंतर सापडायला हवं.

मंगळवार, ४ नोव्हेंबर

टिंब्या मागच्या खोलीत राहायला तयार नाही. उंबऱ्यापर्यंत येतो, पुढचे दोन पाय पाट्यांवर ठेवतो आणि मागे फिरतो. खालून पोकळ असल्यामुळे पायाखाली आवाज होत असेल. सध्या अंथरूण स्वयंपाकघरात.

संध्याकाळी कुत्र्यांना शिकवणारे मास्तर येऊन गेले. टिंब्या त्यांच्या बुटाची नाडी चघळत होता आणि ते मला शिकवत होते. म्हणाले, पहिले सहा महिने शिकायचं ते मालकाने. शब्द चारच ठेवायचे: 'बस', 'थांब', 'ये', आणि चौथा सुटकेचा. एकदा हुकूम दिला की सुटकेचा शब्द कानावर पडेपर्यंत कुत्र्याने हलायचं नाही. जमलं की खाऊचा एक दाणा, तोही एका सेकंदाच्या आत. उशीर झाला तर बक्षीस कशाचं ते त्याला कळत नाही.

सुटकेचा शब्द मी 'झालं' ठरवला. मास्तर हसले. "बाई, हा शब्द दिवसातून शंभरदा तोंडात येतो. जेवण झालं, काम झालं, बोलून झालं."

मी म्हटलं, माझ्या घरात बोलतं कोण?

'ये'बद्दल मात्र त्यांनी दोनदा बजावलं. खेळत असो, खात असो, घाबरलेलं असो, 'ये' म्हटलं की कुत्रं आलंच पाहिजे. रस्त्यावर या एका शब्दावर त्याचा जीव वाचतो. म्हणून 'ये'ला नेहमी दोन दाणे.

शुक्रवार, ७ नोव्हेंबर

बस: वीसपैकी तेरा. ये: वीसपैकी अठरा. थांब: जास्तीत जास्त सहा सेकंद. वजन ३.७१.

टिंब्या हुशार आहे, पण लक्ष माशीवर. बसतानाही अर्धाच बसतो, जणू कोणी बोलावलं तर लगेच निघता यावं.

तो बसला की मागच्या खोलीतूनही 'धप्' असा हलका आवाज येतो. काल प्रतिध्वनी म्हणून सोडून दिला. आज मोजला. मागची भिंत इथून सहा मीटरवर आहे. आवाजाला तिथे जाऊन परत यायला सेकंदाचा पंचविसावा भागही लागत नाही. हा अर्ध्या सेकंदाने येतो. शिवाय टिंब्या बसला नाही तरी येतो.

काकूंना विचारलं, उंदीर आहेत का. त्यांना राग आला. म्हणाल्या, आमच्या घरात उंदीर? कोण म्हणतं, त्याला माझ्यासमोर उभा कर.

सोमवार, १० नोव्हेंबर

उंदीर कुठून येतो ते शोधायला एक युक्ती केली. सराव करताना मागचा आवाज आला की लगेच एक दाणा त्या खोलीत टाकायचा. काल आणि आज मिळून तेवीस दाणे टाकले. आज संध्याकाळी बॅटरी घेऊन पाहिलं, एकही दाणा नाही. लेंड्या नाहीत, चुरा नाही, कोपऱ्यात भोक नाही. पाट्यांवर धूळ आहे, धुळीवर काही उमटलेलं नाही.

टिंब्या सगळा वेळ उंबऱ्याबाहेर उभा होता. शेपूट पोटाखाली.

थांब: अकरा सेकंद.

गुरुवार, १३ नोव्हेंबर

आज टिंब्याला अर्धा तास काकूंकडे ठेवलं आणि स्वयंपाकघरात एकटी उभी राहून वीस वेळा 'बस' म्हटलं. मधली अंतरं मुद्दाम कमीजास्त ठेवली.

धप्. वीसपैकी वीस.

मग हात टेकून ओट्यापाशी उभी राहिले. आवाज आला की दाणा, एका सेकंदाच्या आत. मास्तरांनी सांगितलं होतं अगदी तसंच. मी उंदीर शोधत नव्हते. मी शिकवत होते.

कारखान्यातून जुना सपाट काटा आणला आहे. त्याचा पाट मागच्या खोलीच्या मधोमध ठेवला आणि आकडा दाखवणारा डबा वायर दाराखालून घेऊन स्वयंपाकघरात. 'ये' म्हटलं. मग 'बस' म्हटलं. आकडा हलला आणि स्थिरावला. ८.९ किलो.

काटा रिकामा करून, प्रमाणित वजन ठेवून पुन्हा तपासला. काट्यात दोष नाही.

रविवार, १६ नोव्हेंबर

हे नीट क्रमाने लिहिते.

सकाळी सव्वानऊला टिंब्याचा सराव घेत होते. 'थांब' म्हटलं तेवढ्यात दारावरची घंटी वाजली, टिंब्या भुंकत पुढे पळाला, सराव तिथेच मोडला. त्यानंतर दिवसभर मागची खोली शांत. मला बरं वाटलं होतं. कपडे धुतले, दुपारी झोप काढली.

संध्याकाळी वहिनीचा फोन आला. हातात सुरी होती म्हणून फोन ओट्यावर ठेवून मोठ्या आवाजात लावला. तिने विचारलं, सामान लावून झालं का सगळं?

मी म्हटलं, झालं.

मागच्या खोलीत कोणीतरी उठलं. पाट्या वाजल्या, एक एक करून, आठ वेळा. आवाज स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापर्यंत आला आणि थांबला. समोर काही नव्हतं. टिंब्या खुर्चीखाली गेला आणि तिथेच त्याने ओलं केलं. वहिनी विचारत होती, काय गं, ऐकतेयस ना?

सहा वाजून सदतीस मिनिटं. म्हणजे सकाळच्या एका 'थांब'वर ते नऊ तास बावीस मिनिटं जागचं हललं नव्हतं.

स्वयंपाकघर आणि मागच्या खोलीमधलं दार लावून कडी घातली. आकडा पाहिला. सर्वांत मोठी नोंद १९.४.

मंगळवार, १८ नोव्हेंबर

घरात बोलणं बंद केलं आहे. टिंब्याला हाताच्या खुणा शिकवते. तळहात खाली म्हणजे बस. तो माझ्या हाताकडे पाहतो, मग तोंडाकडे, शब्द कधी येतो त्याची वाट बघत.

आठ दिवस झाले, मागे दाणे टाकलेले नाहीत. तरीही आज ३१.०. टिंब्या ४.४.

पिल्लं वाढतात. मी दोन वाढवली.

मास्तरांना विचारलं, शिकवलेला शब्द विसरायला लावता येतो का. म्हणाले, सहा महिने लागतात, आणि 'ये' तर आम्ही कधीच पुसत नाही. का विचारता, असं म्हणाले. मी विषय बदलला.

गुरुवार, २० नोव्हेंबर

सकाळी न्हाणीघरात होते. बाहेरून मी ऐकू आले.

ये.

माझाच आवाज. शेवटी जरा वर जाणारा, टिंब्याला बोलावताना जातो तसा. ओल्या अंगाने बाहेर आले. टिंब्या मधल्या दाराशी होता, बंद दाराला नाक लावून, नीट, पूर्ण बसलेला. अंग थरथरत होतं. पण जागचा हलला नाही. दोन दाण्यांची वाट बघत होता.

इतकं चांगलं तो आजवर कधी बसला नव्हता.

शुक्रवार, २१ नोव्हेंबर

आजचे फोन. कुत्र्यांचं पाळणाघर: तिसरी लस झाल्याशिवाय घेत नाहीत, लस पुढच्या शुक्रवारी. दोन लॉज: कुत्रं चालत नाही. काकू लेकीकडे गेल्या आहेत, सोमवारी येतील.

दादाला फोन केला, रस्त्यावरून. म्हटलं, घराला ओल आहे, टिंब्याला सर्दी होते, काही दिवस तुमच्याकडे येते. तो म्हणाला, कुत्र्याला सर्दी? तुझी वहिनी बरोबर बोलत होती. रविवारी सकाळी अकराला गाडी घेऊन येतो. मी खरं सांगितलं नाही. सांगितलं असतं तर आजच आला असता. किंवा हसला असता. मला हसणं नको होतं.

आकडा ५४.२.

माझं वजन ५४.२ आहे.

शनिवार, २२ नोव्हेंबर

दिवसभर टिंब्या आणि मी कारखान्याच्या अंगणात. पहारेकऱ्याने संध्याकाळी सहापर्यंत बसू दिलं. टिंब्या गवतात लोळला, स्वतःच्या शेपटीवर भुंकला. कितीतरी दिवसांनी.

परत आलो. बाहेरच्या खोलीतच राहायचं. पट्ट्याची दोरी माझ्या मनगटाला. मधल्या दाराची कडी तीनदा पाहिली.

आत माझा आवाज सराव करतोय. बस. थांब. ये. बस. मधली अंतरं कमीजास्त ठेवून. मी ठेवली होती तशीच.

टिंब्याचे दोन्ही कान मी हातांनी झाकून धरलेत. लिहायला एक हात काढला की तो —

रविवार, २३ नोव्हेंबर, सकाळ

८.१० ला 'ये'. टिंब्याने मान आखडून डोकं पट्ट्यातून काढलं आणि गेला. मधल्या दाराची कडी उघडी. मी लावली होती. तीनदा पाहिली होती.

मागे धावले. स्वयंपाकघराच्या मध्यावर असताना आतून आलं — बस.

मी बसले नाही. टिंब्या किंचाळला.

बसले. किंचाळणं थांबलं. लगेच. एका सेकंदाच्या आत.

८.२६. उठून पाहिलं. किंचाळला. बसले. थांबला.

८.४०. पुन्हा. तेच.

मग आतून — थांब.

९.०५

फोन बाहेरच्या खोलीत. इथून चार मीटर. वही आणि पेन जवळ होतं. लिहिलं तर काही होत नाही. तोंड उघडलं, नुसतं उघडलं, तर टिंब्या —

दार उघडं आहे. आत त्याचं पांढरं दिसतं. पाट्यांच्या मधोमध, बसलेला. माझ्याकडे बघतोय. त्याच्या मागे पाहत नाही मी.

९.५०

पाय बधिर. हलले नाही. टिंब्याची शेपूट एकदा हलली. जिवंत आहे. जिवंत आहे.

चौथा शब्द ते म्हणत नाही. तीनच म्हणतं. चौथा त्याला येतो.

१०.४१

एक तास छप्पन्न मिनिटं, थांब दिल्यापासून. ते नऊ तास थांबलं होतं. मीही थांबेन. फक्त अकराच्या आधी 'झालं' म्हण. म्हण ना. दादा येईल, त्याला काही माहीत नाही, ओल आहे म्हणून —

१०.५३

गाडी. फाटक.

दादा हाक मारतोय, बाहेरून. आहेस का गं.

आतून माझा आवाज —

ये, दादा. दार उघडंच आहे.

हे मी शिकवलं नव्हतं. एवढं लांब वाक्य मी नव्हतं —

पायरीवर पाऊल. ओरडले तर टिंब्या. नाही ओरडले तर

तो बघतोय माझ्याकडे. माझ्या तोंडाकडे. शब्दाची वाट —

टिंब्या, मी ओरडणार आहे. मला