रोममध्ये आईचं दही गुलाबी झालं

अथेन्स, ग्रीस
हॉटेलातली खोली, मंगळवार दुपार

तीर्थरूप आक्काच्या पायांवर राहात्याच्या (सध्या परदेशातल्या) कल्याणचं डोकं.

तुझे गुडघे कसे आहेत? दाजींची शुगर उतरली का? केडगावला पाणी दिवसाआड येतंय की अजून चार दिवसांनी? (इथं नळ कितीही वेळ उघडा ठेवला तरी कुणी ओरडत नाही, त्यामुळं अंघोळीला मजाच येत नाही.) आम्ही उभयता खुशाल आहोत. माझ्या डाव्या कानात शिट्टी वाजते आणि पोटात अकरा दिवसांचा ब्रेड साचलाय, तेवढं सोडलं तर तक्रार नाही.

तुला माहीतच आहे, आमच्या लग्नाला पस्तीस वर्षं झाली म्हणून लेक सुकन्येनं हट्टानं आम्हाला जगातली स्थळं बघायला धाडलं. मी तिला आधीच बजावलं होतं, की आईचं विरजण मागं ठेवून मी स्वर्गातसुद्धा जाणार नाही. आपली आई, रंगुबाई, लग्नात माहेराहून जे विरजण घेऊन आली, ते आजतागायत आमच्या घरात एक दिवस मोडलेलं नाही. आई जाऊन अकरा वर्षं झाली, पण रोज जेवताना पहिला घास दह्याचा घेतला की ती समोर बसल्यासारखी वाटते. मी तीस वर्षं डेअरीत दुधाची फॅट काढली आक्का, मला दह्यातलं शिकवायला कुणी येऊ नये. मग केशरनं (तुझी भावजय, आपणहून एक शब्द बोलली नाही, गुणाची आहे) छोट्या स्टीलच्या डबीत विरजण घेतलं आणि आम्ही निघालो.

मुंबईच्या विमानतळावर एका साहेबानं डबी उघडून विचारलं, यात काय आहे? मी म्हणालो, आई. त्यानं घाबरून थोरल्या साहेबाला बोलावलं. थोरल्यानं वास घेतला, डोळे मिटले, आणि म्हणाला, जाऊ द्या यांना. (तो साताऱ्याकडचा असावा.)

पॅरिसला तो उंच लोखंडी मनोरा आहे. बाकी लोक त्याचं टोक चिमटीत धरल्याचे फोटो काढत होते. मी डबीचं झाकण उघडून ती चारी दिशांना फिरवली, म्हणजे आईलाही गाव दिसावं. आमच्या सहलीत अडतीस माणसं, सगळी आपल्याच जिल्ह्यातली, पार घोडेगावपर्यंतची. तीही जवळ येऊन डबीला नमस्कार करायला लागली. केशर रोज हॉटेलातल्या नाश्त्याचं दूध आणून नवं दही लावायची, आणि सकाळी ज्याचं पोट बिघडलेलं असेल त्याला एक चमचा द्यायची. परदेशात पोट कुणाचं बिघडत नाही? चौथ्या दिवशी नाश्त्याला रांगा दोन लागायच्या, एक ब्रेडची, एक आमची.

स्वित्झर्लंडला घात झाला. थंडीनं दही लागेचना. शेवटी मी माझी माकडटोपी काढून डबीला घातली आणि बर्फाच्या डोंगरावर बोडका गेलो. कानातली शिट्टी तिथली आहे. त्यात बसचे हिसके. दही लागताना डबी हलता कामा नये, हे तुला सांगायला नको, पण ड्रायव्हरला कोण सांगणार? आमचा टूर मॅनेजर नॅथन, नगरचाच पोरगा, हात जोडून म्हणाला, काका, वेळापत्रक आहे. तेव्हा सगळ्यांनी बसमध्ये हात वर करून मतदान घेतलं. सदतीस मतं दह्याला, एक नॅथनचं. बस हमरस्त्याच्या कडेला साडेतीन तास निश्चल उभी. एका सरोवराची बोटफेरी त्यात बुडाली, पण दही असं लागलं आक्का, की सुरीनं कापावं!

पिसाला तो कललेला मनोरा. तिथल्या हॉटेलात दही डबीत तिरकं लागलं, एका कडेला बोटभर वर. आमच्यातले गहिनीनाथ सर भूगोलाचे रिटायर मास्तर. त्यांनी डबी मनोऱ्यासमोर धरली आणि जाहीर केलं, की मनोरा सरळ आहे, इटलीच तिरपी आहे. तिथल्या गाईडला हे पटेना. सर मराठीत आणि तो त्याच्या भाषेत तासभर भांडले. आत जायची वेळ टळून गेली, पण कुणाला वाईट वाटलं नाही.

मग रोम. तिथं एक भलंमोठं गोल पडकं बांधकाम आहे आणि त्याला तीन तासांची रांग आहे. माझे पाय सुजले होते, म्हणून मी डबी घेऊन बसमध्येच थांबलो. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी चमत्कार! केशरनं झाकण काढलं तर आख्खं दही गुलाबी. आत लाल लाल कणसुद्धा. केशर डबीकडं बघत राहिली, मग माझ्याकडं बघत राहिली, आणि एवढंच म्हणाली, "आत्याबाईंची मर्जी." बसमध्ये आरती झाली. नॅथन चर्चला जाणारा, पण त्यानंही हात जोडले. आता आम्ही दोघं सोडून छत्तीसही जणांना परतल्यावर आमच्या घरून चमचा चमचा विरजण हवंय, आणि सरांनी त्याची यादी केलीय.

बाकी स्थळं छान आहेत. आत्ता सगळे इथल्या डोंगरावरचे जुने खांब बघायला गेलेत.

तुझा धाकटा,
कल्याण

ता. क. तुला एक चुंबक घेतलंय. फ्रिजला लावायचं असतं.

ता. क. दुसरा. आक्का, घरात एकटी असशील तरच पुढचं वाच. आईचं विरजण मी खाल्लं. रोमला बसमध्ये, भर दुपारी, हॉटेलातून आणलेली साखर घालून. आधी एक बोट घेतलं. मग कडा सारख्या केल्या. मग सारखं करायला काही उरलंच नाही. घाबरून नॅथनच्या पिशवीतलं स्ट्रॉबेरीचं कपातलं दही त्यात भरलं. सत्तर वर्षांचं आईचं मी एका दुपारी संपवलं, आणि ते जपणाऱ्या केशरपुढं हात जोडून उभा राहिलो. मला अन्न गोड लागत नाही गं. तुझ्या लग्नात आईनं तुझ्या ओटीत हेच विरजण घातलं होतं. त्यातलं चमचाभर घेऊन गुरुवारी आम्ही पोचायच्या आत राहात्याला जा, किल्ली शेजारी आहे, आणि फ्रिजात ठेव. नाहीतर हे खोटं छत्तीस घरांत लागेल. नॅथन या पानांचे फोटो तुझ्या मोबाईलवर पाठवेल. केशरला कळता कामा नये.

वन्सं, नमस्कार करते. मी केशर. ह्यांचा मोबाईल हितं चालत न्हाई, तुमचा नंबर माझ्याच मोबाईलात, म्हनून नॅथननं कागद मलाच आनून दिला. ह्यांना काई बोलू नका. दह्यात लाल फळं कुटनं येत्यात ते मला काय कळत न्हाई व्हय? पन मी तरी काय बोलू? आत्याबाईंचं विरजन त्यांच्या तेराव्यालाच संपलं. घर पावन्यांनी भरल्यालं, कुनीतरी भातावर घेऊन गाडगं निपटलं. मी स्टँडवरच्या दुकानातनं पिशवीतलं दही आनलं. ह्यांनी तेरा दिसांत पयल्यांदा पोटभर खाल्लं, अन् "आई गेली पन हाताची चव ऱ्हायली" म्हनून लई रडले. मग कुन्या तोंडानं सांगू? अकरा वर्सं तसंच चाललंय. तुमच्याकडचं जित्तं असंल तर खरंच चमचाभर आना, मला बी त्यांची लई आठवन येती. अन् तुमचं बी कवाच मोडलं असंल तर दुकानातलंच आना, फकस्त स्टीलच्या डबीतनं आना.