पुढची फळी

१२ नोव्हेंबर, म्हसावद

ह्यांचं तेरावं झाल्यावर आज दुकान उघडलं. गावातल्या किराणा दुकानदारांना एकत्र करून ह्यांनी ठरवलं होतं, पोरांनी आधी चणे-शेंगदाणे मागावेत म्हणून ते पुढच्या फळीवर, वेफरच्या पाकिटांच्या माळा आत. आमचं सुतक चालू असताना सगळ्यांनी माळा परत दारात टांगल्या. खांदा द्यायला हेच सगळे होते.

संध्याकाळी होलसेलवाल्याचा माणूस माळांचं खोकं ठेवून हसत म्हणाला, "भाभी, तुम्ही एकल्याच ऱ्हायन्यात. माळा लटकाडा, नही ते तेल-साखरबी भेटाव नही."

बाकीच्यांनाही हेच सांगितलं असेल का? तेल-साखरेशिवाय दुकान किती टिकेल?

माळा टांगल्या नाहीत. पुढच्या फळीवरचे शेंगदाणे संपत आले होते. एकटीनेच कढई ठेवली आणि उद्यापुरते भाजले.